आरोग्यसंवर्धन कोठे शिकावे?

नारूचा रोग प्रत्यक्ष पाहिलेली माणसे महाराष्ट्रात आता उतारवयातच सापडतील. पायाच्या नडगीवर किंवा घोट्याजवळ आग करणारा फोड यावा, तो फुटावा, त्यातून सुतासारख्या पांढऱ्या कृमीचे टोक बाहेर यावे, आणि तो कृमी तुटू नये म्हणून बारीक काडीला गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढून काढण्याचा क्रम कित्येक दिवस, प्रसंगी कित्येक आठवडे चालावा, असा या व्याधीचा शिरस्ता होता. पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी मीटरभर असे. ती मध्येच तुटली तर पाय सुजून, पिकून घरातला कर्ता माणूस ऐन पेरणीच्या दिवसांत अंथरुणाला खिळून राही. या रोगावर औषध नव्हते, लस नव्हती, आणि एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही अशी शाश्वतीही नव्हती. मोठ्या इस्पितळातला निष्णात शल्यविशारद आणि खेड्यातला काडी गुंडाळणारा माणूस या दोघांची मातब्बरी नारूपुढे जवळजवळ सारखीच होती. असे असूनही, १९८३-८४ च्या सुमारास राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला सुमारे ४०,००० रुग्णांची नोंद होत असलेल्या या देशात शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

औषधावाचून रोग हटला तो त्याच्या येण्याजाण्याची वाट ओळखून ती बंद केल्यामुळे. नारूचा रुग्ण पायविहिरीत उतरला, की त्याच्या जखमेतून कृमीची असंख्य पिल्ले पाण्यात सुटतात. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव ती गिळतो. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात ती जातात आणि सुमारे वर्षभराने त्याच्या पायावाटे पुन्हा बाहेर येऊ पाहतात. रुग्णाने पाण्यात उतरू नये आणि पिणाऱ्याने दाट विणीच्या कापडातून पाणी गाळावे, एवढ्याने ही साखळी तुटते. त्याच्या जोडीला विहिरीत कृमिवाहक जिवांना मारणारे औषध टाकणे, पायऱ्या बंद करून वरून पाणी ओढण्याची सोय करणे आणि हातपंप बसवणे ही कामे होती. कागदावर हे सोपे दिसते. पण पाणी भरते कोण, सून की शाळकरी मुलगी, ते कोणत्या प्रहरी भरले जाते, गाळण्यासाठी घरात कोणते कापड मोकळे असते, रानात कामाला गेलेला माणूस ओढ्याचे पाणी ओंजळीने पितो तेव्हा त्याच्याजवळ काय असते, पिढ्यान्‌पिढ्या ज्या विहिरीत गाव उतरत आले तिच्या पायऱ्या बुजवण्याची गोष्ट गावकीत कोणी आणि कोणापाशी काढायची, हे जाणल्याखेरीज यांतले एकही काम पुरे होत नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या कोणत्याही परीक्षेत या प्रश्नांना गुण नव्हते. ज्या आरोग्यसेवकांनी आणि गावकऱ्यांनी ती उत्तरे शोधली, त्यांनी ती स्वतःच्या पायांनी फिरून शोधली.

नारूच्या या कथेत आरोग्यसंवर्धनाचे जवळजवळ सगळे शास्त्र आले आहे. कॅनडातील ओटावा येथे १९८६ च्या नोव्हेंबरात आरोग्यसंवर्धनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिने जी सनद प्रसिद्ध केली तिच्यात कार्याची पाच क्षेत्रे सांगितली: आरोग्याला पोषक असे सार्वजनिक धोरण आखणे, अनुकूल भोवताल निर्माण करणे, लोकसमूहाची कृती बळकट करणे, व्यक्तीच्या अंगची कौशल्ये वाढवणे आणि आरोग्यसेवेला नवी दिशा देणे. पायविहिरीचे रूपांतर ही भोवतालाची गोष्ट, गावकीतला निर्णय ही लोकसमूहाची, पाणी गाळण्याची सवय ही व्यक्तीची, आणि त्यासाठी सरकारी खजिन्यातून पैसा मंजूर होणे ही धोरणाची. पाचवे कलम मात्र खुद्द वैद्यकालाच उद्देशून आहे. सेवेला नवी दिशा द्यायची तर ती देणाऱ्यांची घडण बदलली पाहिजे, आणि ही घडण जिथे होते ती महाविद्यालये, परिचारिका विद्यालये आणि प्रशिक्षण केंद्रे यांनी याबाबतीत स्वतःला काही अप्रिय प्रश्न विचारले पाहिजेत, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. माझ्या मते या प्रश्नांपैकी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न स्थळाचा आहे. शस्त्रक्रिया शस्त्रक्रियागृहात शिकवतात, प्रसूती प्रसूतिगृहात शिकवतात; आरोग्यसंवर्धन मात्र आपण वर्गात शिकवतो.

याचे दुष्परिणाम किती दूरवर जातात हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन एकदा अनुभवले आहे. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ उद्भवली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी ती पुण्यास पोहोचली. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या अंमलाखाली गोऱ्या शिपायांकरवी घरोघरची झडती, रोग्यांना बळाने वेगळे नेणे, देवघरापर्यंत बूट घालून शिरणे हे प्रकार सुरू झाले. आणि २२ जून १८९७ रोजी या प्रकारांचा शेवट रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाला, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. रोग्याला वेगळे ठेवावे आणि घर स्वच्छ करावे, ही कल्पना त्या काळच्या शास्त्राला धरूनच होती. परंतु ज्या माणसांच्या जिवासाठी हे करायचे, त्यांच्याशी बोलणे हाही उपचाराचा भाग आहे, हे त्या अंमलदारांना कोणी शिकवलेले नव्हते, आणि म्हणून लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, मृत्यू दडवले, आणि साथ आटोक्यात येण्याऐवजी शहरात अविश्वासाची दुसरी साथ पसरली. त्याच वर्षी पुण्याजवळ आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यापाशी हुकूम चालवणारी सत्ता नव्हती, शिपाई नव्हते. रोग्याला त्यांच्या हवाली करायला मात्र लोक भ्याले नाहीत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे, आणि त्यातून समाजाचा वैद्य म्हणून काम करणारा पदवीधर तयार व्हावा, अशी शिफारस केली होती. तिला अनुसरून पुढच्या दशकांत महाविद्यालयांतून त्या विषयाचे स्वतंत्र विभाग उघडले, अध्यापकांच्या नेमणुका झाल्या, परीक्षा सुरू झाल्या. विभाग आला, अध्यापक आले, ग्रंथ आला. तीन-चार पिढ्यांच्या डॉक्टरांनी ज्या जाडजूड ग्रंथावर हा विषय पार केला त्याचे नाव निव्वळ ‘पार्क’ असे घेतले जाते, आणि विषयाचे नाव ‘पीएसएम’ अशा आद्याक्षरांत; त्या ग्रंथाच्या उपयुक्ततेविषयी मला आदरच आहे. पण ज्या वस्तीत तो विषय नांदतो, तिकडे विद्यार्थ्याला नेणारी मोटार आठवड्यातून एखाद्या वेळी निघाली आणि दुपारच्या जेवणाआधी परतली, तर तीन महिन्यांचे काय किंवा तीन वर्षांचे काय, शिक्षण पुस्तकातच राहते.

एक लहानसे उदाहरण घेतो. विहिरीच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण हा परीक्षेतला हमखास प्रश्न. हॉरॉक्सच्या उपकरणाने ब्लीचिंग पावडरीची मात्रा कशी काढावी, तासाभराच्या संपर्कानंतर पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, हे मध्यम बुद्धीचा विद्यार्थीही झोपेत सांगेल. पण ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज सकाळी टाकीवर चढून टीसीएल, म्हणजे तीच ब्लीचिंग पावडर, खरोखर किती टाकतो, ती संपली आणि नवी यायला पंधरा दिवस लागले तर काय करतो, पोत्याचे तोंड उघडे राहून पावडरीतला क्लोरीन उडून जातो हे त्याला कोणी सांगितले आहे काय, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टच्या नळीत पिवळा रंग आला नाही तर ते तो कोणाला कळवतो, आणि पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून नळाचे पाणी सांडून देऊन जुन्या विहिरीवर जाणाऱ्या बायांची समजूत कोणी काढायची, हे त्या विद्यार्थ्याला विचारले तर तो गप्प राहतो. पहिल्या माहितीवाचून दुसरी आंधळी आहे, हे खरे. पण दुसरीवाचून पहिली पांगळी आहे, आणि गावातली हगवण दोन्ही एकत्र आल्याशिवाय थांबत नाही.

आरोग्याचे लोकशिक्षण वैद्यांनी हाती न घेतल्यामुळे ते इतरांना घ्यावे लागले, असेही आपल्या इतिहासात घडले आहे. संततिनियमनाविषयी मराठी समाजाशी पहिल्यांदा स्पष्ट आणि शास्त्रशुद्ध भाषेत बोलले ते रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि त्यापायी नोकरीवर पाणी सोडले, खटले सोसले. वैद्यकातील फारच थोडी माणसे त्या काळी त्यांच्या पाठीशी उघडपणे उभी राहिली.

शिक्षणाचे स्थळ बदलण्याचा प्रयत्न कोणी निष्ठेने केला असेल, तर त्याचा आरंभ महाराष्ट्रात सेवाग्रामी झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. या महाविद्यालयाची परंपरा अशी, की नव्या विद्यार्थ्यांनी आरंभी काही दिवस आश्रमात राहायचे, आणि प्रत्येक तुकडीने एक गाव आपले मानून पहिल्याच वर्षी तेथे पंधरवड्याचे शिबिर भरवायचे. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात, आणि शिबिर आटोपल्यावरही पुढे नियमाने त्यांच्याकडे जाणेयेणे चालू ठेवावे अशी अपेक्षा असते. सतरा-अठरा वर्षांच्या, बहुधा शहरात वाढलेल्या मुलामुलींना शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनगृहात मृत देहाची ओळख व्हायच्या सुमारासच जिवंत कुटुंबाची ओळख होते, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या भेटीत घरच्या बाईने चहा पुढे केला आणि विद्यार्थ्याने रकाने भरायचा कागद पुढे केला, तर तिथे शिक्षण होत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत, गेल्या खेपेला खोकणारा म्हातारा आता ओसरीवर दिसत नाही हे ज्याच्या आपोआप ध्यानात येते आणि जो कागद बाजूला ठेवून त्याची चौकशी करतो, त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजावे. ते एका भेटीत होत नाही, म्हणूनच वर्षानुवर्षे एकाच घरी जाण्याला अर्थ आहे.

सेवाग्रामचे हे लोण देशभर पोहोचायला अर्धे शतक लागले. मधल्या काळात, १९७५ साली श्रीवास्तव समितीचा अहवाल आला, १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्दिशेची योजना आली आणि प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी उचलावी असे ठरले. पण इस्पितळातील अध्यापकांना खेड्यात जाण्यात ना रस होता ना बढती, आणि योजना दप्तरी पडली. अलीकडे, २०१९ च्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमानंतर, राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सर्व महाविद्यालयांत कुटुंब-दत्तक उपक्रम लागू केला आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. ते नोंदवहीत सह्या गोळा करण्यापुरते उरते की खरोखर रुजते, हे महाविद्यालय त्याला किती वेळ देते आणि किती अनुभवी अध्यापक देते यावर ठरेल.

स्थळाबरोबरच गुरूचाही प्रश्न आहे, आणि तो जामखेडने सोडवून दाखवला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले तेव्हा दुष्काळी मुलूख, कुपोषण, कुष्ठरोग, आणि हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १७६ अर्भकांचा मृत्यू अशी तेथली स्थिती होती. त्यांनी प्रथम रूढ मार्गाने शिकलेल्या परिचारिकांना गावोगावी नेमून पाहिले. पण बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावात राहणे कठीण गेले आणि गावालाही त्या परक्याच वाटल्या. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, अनेकदा तथाकथित खालच्या जातींतल्या, प्रौढ स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा निर्णय झाला. या बाया दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र शिजवीत आणि एकत्र जेवीत. आपापल्या गावात काय घडले ते सांगत, आणि त्यातूनच पुढचा धडा निघे. वीस-पंचवीस वर्षांत त्या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या प्रयोगाची थोरवी मला त्याहूनही एका गोष्टीत दिसते. पुढे देशोदेशींचे डॉक्टर आणि परिचारिका सामुदायिक आरोग्य शिकायला जामखेडला येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या शिक्षकांत याच सेविका होत्या. ज्यांना शिकवायचे असे समजून आरंभ झाला, त्या शिकवू लागल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारे १९८६ पासून चालवलेले काम याच जातीचे, पण त्यात मापनाची शिस्त अधिक कठोर. दोन्ही दांपत्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आलेली होती, आणि दोघांनीही त्या विद्येला गावाच्या अंगाला बसेल असे रूप दिले. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत साधी खूण म्हणजे मिनिटाला होणारे श्वास. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास साठ किंवा अधिक झाले तर धोका समजावा. पण अनेक दायांना साठापर्यंत अंक येत नव्हते. त्यावर बंग दांपत्याने एक साधे यंत्र तयार केले: एक मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तिच्याबरोबर तारेत ओवलेले मणी. दाईने बाळाच्या पोटाकडे पाहत दहा श्वास मोजावेत आणि एक मणी सरकवावा, पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत तांबड्या मण्याची पाळी आली की रोग ठरला. दाईच्या अडाणीपणाची तक्रार करीत बसण्याऐवजी तिला जेवढे येते तेवढ्यावर शास्त्र उभे केले, हे या घटनेतले खरे शिक्षण आहे, आणि प्रशिक्षकाच्या वर्गात प्रशिक्षणशास्त्राचे दहा तास घेण्यापेक्षा ती घटिका आणि ते मणी प्रत्येकाच्या हाती अर्धा तास द्यावेत असे मला वाटते.

पुढे याच परिसरात ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलेल्या गावच्या स्त्रियांनी गरोदर बाईला आधीपासून भेटणे, जन्मल्यावर बाळाला उबेत ठेवणे, लगेच अंगावर पाजायला लावणे, वजन करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि घरच्या घरी उपचार करणे ही कामे अंगावर घेतली. ३९ गावांत हे चालले आणि ४७ गावांशी त्याची तुलना करण्यात आली. नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने नेमलेल्या आशा कार्यकर्तींना २०११ पासून नवजाताच्या गृहभेटींचे जे काम देण्यात आले, इस्पितळात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटण्याचा जो क्रम त्यांनी पाठ केला, त्याचे मूळ गडचिरोलीत आहे.

आता प्रश्न राहतो तो शिकवायचे नेमके काय, हा. माहिती तर हवीच. पण आरोग्यसंवर्धनातला अवघड भाग संभाषणाचा आहे, आणि तो भाग अंगी येतो की नाही यावर सारे अवलंबून आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांतून आणि शहरांच्या झोपडवस्त्यांतून असंख्य स्त्रिया मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ती पूड दात घासायला म्हणून सुरू होते आणि पुढे दिवसातून अनेकदा बोटावर घेऊन हिरड्यांना लावण्याची सवय जडते. गरोदरपणात ती गर्भाला बाधक आहे. उपकेंद्रात तपासणीला आलेल्या गरोदर बाईला नव्याने रुजू झालेली परिचारिका बहुधा सांगते, “मिश्री सोडून द्या, बाळाला वाईट असते.” बाई मान डोलावते आणि घरी जाऊन मिश्री लावते. चांगल्या हाताखाली शिकलेली परिचारिका वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करील.

“ताई, मिश्री कधीपासून लावता?”

“लगीन होऊन आले तवापासनं. आमच्या सासूबाई लावत्यात, जाऊबाई बी लावत्यात.”

“सगळ्यांत जास्त कधी लागते?”

“सकाळच्याला. त्याबिगर पोट साफ होत न्हाई. अन्‌ दुपारच्याला जाऊबाईंसंगं जरा बसाया मिळतं, तवा.”

एवढ्या दोन प्रश्नांत किती कळले ते पाहा. सकाळची मिश्री पोटासाठी आहे, तेव्हा पाणी, भाजी, कोंड्यासकट भाकरी यांची गोष्ट तिथे काढता येते. दुपारची मिश्री विश्रांतीसाठी आणि सोबतीसाठी आहे, तेव्हा ती सुटायची तर जावेशी आणि सासूशीही बोलावे लागेल, कारण घरात ज्याच्या हाती डबी आहे त्याच्या हाती सवयही आहे. बाईला धाक घालायचा नाही, लाजवायचे नाही, “दोन वेळांपैकी कोणती एक सोडणे तुम्हांला जमेल असे वाटते?” असे विचारायचे, आणि तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत परत सांगायला लावून तिला कळले की नाही याची खात्री करून घ्यायची. पुढच्या तपासणीला ते आठवणीने विचारायचे. जमले नसेल तर पुन्हा तिथूनच आरंभ करायचा.

लोहाच्या गोळ्यांचीही अशीच कथा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात आणि तरीही पुष्कळ घरांत त्या देवळीत पडून असतात. गोळीने मळमळते, शौच काळे होते म्हणून बाई घाबरते. गोळ्यांनी आणि जास्त खाण्याने बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल अशी समजूत घरातल्या वडीलधाऱ्यांत असते. आणि कित्येकदा गोळी चहाबरोबरच घेतली जाते, ज्यामुळे तिच्यातले लोह अंगी लागत नाही. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, लिंबू पिळलेल्या जेवणाचा तिला उपयोग होतो, शौचाच्या रंगाने भिऊ नये, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. पण ही दोन मिनिटे कशी वापरावी हे शिकायला शिकाऊ परिचारिकेला एखाद्या अनुभवी आरोग्यसेविकेबरोबर महिनोन्‌महिने फिरावे लागते, तिचे ऐकावे लागते, स्वतः बोलून दाखवावे लागते, आणि चुकले तेथे परतताना वाटेत तिच्याकडून समजून घ्यावे लागते. टाके घालायला शिकवताना आपण हेच करतो. संभाषणाच्या बाबतीत मात्र ते उपजतच येते असे आपण गृहीत धरतो, आणि तिथेच फसतो.

या दृष्टीने आपल्या आरोग्यखात्यातील सध्याची घडी पाहिली तर आशेला जागा आहे. सपाट प्रदेशात ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे असलेल्या उपकेंद्रांतून २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. आयुर्वेदाच्या आणि परिचर्येच्या पदवीधरांना सहा महिन्यांचे पूरक प्रशिक्षण देऊन या पदावर घेतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मनोविकार यांच्याशी ज्याला गावपातळीवर झुंजायचे आहे असा हा नवा कार्यकर्ता आहे, आणि त्याची योजना योग्यच आहे. परंतु सहा महिन्यांतला किती काळ त्याने वस्तीत काढला, आणि त्याला वस्तीत नेणारा स्वतः कधी वस्तीत राहिला होता काय, यावर त्याचे मोल ठरणार. अंगणवाडी सेविका, आशा आणि आरोग्यसेविका या तिघींना गावातल्या प्रत्येक चुलीची खबर असते. नव्या अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा पहिला महिना त्यांच्या स्वाधीन करावा, एवढी साधी तजवीजही बहुतेक ठिकाणी झालेली नाही.

विद्यार्थी जे परीक्षेत येते तेच शिकतो, हे कोणत्याही अध्यापकाला सांगायला नको. वैद्यकाच्या अंतिम परीक्षेत विद्यार्थ्याला एक ‘लाँग केस’ दिली जाते; तो रुग्णाशी बोलतो, त्याला तपासतो, आणि परीक्षकांपुढे त्याचा जाब देतो. ज्या कुटुंबाकडे तो तीन वर्षे गेला, त्या कुटुंबाची अशीच एक लाँग केस सामुदायिक वैद्यकाच्या परीक्षेत का असू नये? घरात कोण आहे, काय पिकते, काय खाल्ले जाते, पाणी कोठून येते, तंबाखू कोण खातो, तीन वर्षांत काय बदलले आणि काय बदलले नाही, आणि बदलले नाही तर का, हे त्याने तितक्याच काटेकोरपणे सांगावे. आणि गुण देणाऱ्या परीक्षकांच्या शेजारी त्या गावच्या अनुभवी आशाताईला, मानधन देऊन, बसवावे. परिचारिका विद्यालयांच्या परीक्षेतही हेच व्हावे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने दोन-चार महाविद्यालयांत हा प्रयोग करून पाहावा, आणि सामुदायिक वैद्यकाच्या अध्यापकांनी तशी मागणी एकमुखाने करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.